डॉ. विल्यम हॉल्स्टेड : एक बोधप्रद चरित्र

आमच्या एकलहऱ्याचा एखादा कामगार आज अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठीं सकाळीं नाशिकास जाऊन त्याच सायंकाळीं घरीं परतूं शकतो. ही सोय ज्यांच्या श्रमांमुळें शक्य झाली, त्यांपैकीं एक अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. विल्यम हॉल्स्टेड होत. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. १८७७ सालीं ते डॉक्टर झाले. १८८४ सालीं व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. ती वार्ता कळतांच हॉल्स्टेड यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तें औषध मज्जातंतूजवळ टोचून पाहिलें. त्यायोगें रोगी जागा असतांही तेवढाच अवयव बधिर होई. हे प्रयोग त्यांनीं स्वतःच्याच देहावर केले. कोकेनचें व्यसन जडतें, ही गोष्ट तेव्हां फारशी कोणास ठाऊक नव्हती. लवकरच ते त्या पाशांत सांपडले. कांहीं सोबत्यांचीही तीच गत झाली. त्यांनीं रुग्णालयांत राहून उपचार घेतले. परंतु कोकेनच्या जागीं मॉर्फिन, म्हणजे अफूचेंच सत्त्व, आलें.

तथापि त्यांनीं कार्य सोडलें नाहीं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ते शस्त्रक्रियाविभागाचे प्रमुख झाले. अंतर्गळाची सुधारलेली शस्त्रक्रिया, शरीराच्या पेशीजालास हळुवारपणें हाताळण्याची शिस्त व रबरी हातमोजे यांचा प्रसार त्यांनीं केला. ७ सप्टेंबर १९२२ रोजीं ते वारले. त्यांच्या मॉर्फिनविषयीं डॉ. ऑस्लर यांनीं लिहून ठेविलेलें गुप्त टिपण १९६९ सालीं उघडण्यांत आलें, तेव्हां हें दुःख जगास कळलें.

त्यांनीं दाखविलेला मार्ग मात्र फळास आला. आज कोकेनऐवजीं लिग्नोकेनसारखीं अधिक सुरक्षित औषधें मज्जातंतूजवळ टोचतात. वेदनेचा निरोप मेंदूस पोहोंचत नाहीं. पुढें पुष्कळदां पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्यांवर भागतें, आणि अफूजन्य औषध थोडें लागतें किंवा लागतही नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता एके काळीं तान्ह्या मुलांस अफू देऊन निजवीत. मूल शांत होई, पण त्याच्या जिवास धोका असे. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांस वेदनाशमनाचे सर्व उपाय विचारावे व उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणास देऊं नयेत. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : वेदना दूर करणें हें पुण्यकर्म खरें, परंतु तिच्या जागीं दास्य येऊं न देणें, हें त्याहून अवघड कर्तव्य होय.