विद्यार्थ्यांविना प्राध्यापक

न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने १८२५ साली इटालियन भाषेचा पहिला प्राध्यापक नेमला, तेव्हा त्या गृहस्थांचे वय ७६ होते. वेतन नव्हते. विषय ऐच्छिक असल्याने स्वखुशीने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे शुल्क हीच काय ती मिळकत. लोरेन्झो दा पोंते यांनी ती नेमणूक आनंदाने स्वीकारली.

हे त्यांचे जन्मनाव नव्हे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातील चेनेदा या गावी १७४९ मध्ये एका ज्यू कुटुंबात ते इमानुएले कोनेल्यानो म्हणून जन्मले. वडील चामड्याच्या व्यवसायात होते. विधुर झालेल्या वडिलांना एका कॅथलिक स्त्रीशी विवाह करावयाचा असल्याने १७६३ मध्ये सारे कुटुंब ख्रिस्ती झाले आणि बाप्तिस्मा देणाऱ्या बिशपचे नाव मुलाला मिळाले. पुढे ते धर्मगुरू झाले खरे, पण संयम हा त्यांचा पिंड नव्हता. प्रेमप्रकरणांमुळे १७७९ मध्ये व्हेनिसमधून पंधरा वर्षांसाठी हद्दपारी ओढवली.

व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफच्या आश्रयाने ते रंगभूमीचे कवी झाले. मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’, ‘डॉन जोव्हान्नी’ आणि ‘कोसी फान तुत्ते’ या तीन संगीतिकांची संहिता त्यांचीच. जगाला ते ठाऊक आहेत ते एवढ्यासाठीच. सम्राटाच्या निधनानंतर आश्रय संपला; लंडनमध्ये कर्जाचा डोंगर झाला आणि १८०५ मध्ये सावकारांना चुकवून त्यांनी अमेरिका गाठली.

तेथे त्यांनी चक्क किराणा दुकान चालवले. मोझार्टचा सहकारी काउंटरवर चहा-तंबाखू विकत होता, हे गिऱ्हाइकांच्या गावीही नसावे! एका पुस्तकाच्या दुकानात क्लेमेंट मूर या विद्वानाशी गाठ पडली आणि त्यांच्या प्रोत्साहनाने दा पोंते खासगी शिकवण्या घेऊ लागले. मूर यांचे वडील कोलंबियाचे अध्यक्ष होते. पुढे मूर स्वतः तेथील विश्वस्त झाले.

त्या काळी अमेरिकेतील कॉलेजांत ग्रीक आणि लॅटिनचे राज्य होते. जिवंत भाषा ही घरी शिकण्याची, फार तर व्यापारापुरती गोष्ट मानली जाई. दान्ते, पेत्रार्क, तास्सो यांच्यासाठी इटालियन शिकावी, हा दा पोंते यांचा आग्रह त्यामुळे वेगळा ठरला. वाचायला ग्रंथच नाहीत, तर भाषा टिकणार कशी, हे त्यांनी अचूक ओळखले होते. इटलीहून ग्रंथ मागवून ते विकत, कॉलेजच्या ग्रंथालयालाही त्यांनी ग्रंथ पुरवले. या कामात पैसा बहुधा बुडालाच.

कॉलेजातला वर्ग मात्र फार काळ भरला नाही. सुरुवातीचा उत्साह ओसरला, सक्ती नसलेल्या विषयाकडे मुले फिरकेनाशी झाली. आपले ग्रंथ घ्या, पण विद्यार्थी पाठवा, अशा आशयाची गळ त्यांनी घालून पाहिली. उपयोग झाला नाही. १८२६ मध्ये गार्सिया यांच्या मंडळीने न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जोव्हान्नी’ सादर केले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. १८३३ मध्ये त्यांच्या खटपटीतून उभे राहिलेले इटालियन संगीतिकागृह थोड्याच काळात डबघाईला आले.

१७ ऑगस्ट १८३८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही प्राध्यापकपद त्यांच्याच नावे होते. न्यूयॉर्कच्या ज्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरले, तिथली त्यांची कबर पुढे नाहीशी झाली. कोलंबियात आज त्यांच्या नावाचे इटालियनचे अध्यासन आहे. त्याला वेतनही आहे.