घाट सोपे करणारा माणूस

फ्रान्सच्या मध्य-पूर्व भागातील सेंत-एतिएन हे शहर एकेकाळी कोळसा, शस्त्रे, रेशमी फिती आणि सायकली या चार गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. यातील शेवटच्या दोन गोष्टी एकाच आयुष्यात एकत्र आल्या. ते आयुष्य पॉल द विवी यांचे. सायकलजगत त्यांना 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखते आणि फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचे जनकत्व त्यांच्याकडे देते.

वेलोसिओ यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी प्रोव्हान्स प्रांतातील पेर्न या गावी झाला. शिक्षण अभिजात वळणाचे झाले आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांची गोडी त्यांना आयुष्यभर पुरली. तारुण्यात ते सेंत-एतिएनमध्ये रेशमाच्या व्यापारात स्थिरावले. व्यवसाय उत्तम चालला होता. १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले, अशी ती त्या काळातली उंच सायकल होती. या वाहनाने त्यांना असे काही झपाटले की १८८७ मध्ये रेशमाचा व्यवसाय सोडून त्यांनी सायकलींचे दुकान काढले, इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून सायकली मागवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी एक नियतकालिकही सुरू केले. ते पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने गाजले. १८८९ मध्ये 'गोलूआझ' ही त्यांची स्वतःची सायकल बाजारात आली.

सेंत-एतिएन हे सपाट मैदानावरचे गाव नव्हे. शहर सोडून दक्षिणेला निघाले की पिलाच्या डोंगररांगा सुरू होतात आणि ११६१ मीटर उंचीचा ग्रां-ब्वाचा घाट समोर उभा राहतो. एकच गियर असलेल्या सायकलीवर हा घाट चढणे म्हणजे छातीचा भाता करणे होते. बहुतेक जण अर्ध्या वाटेत उतरत आणि सायकल ढकलत वर जात. याच घाटात एकदा वेलोसिओ घामाघूम होऊन चढत असताना त्यांच्याच नियतकालिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून, निवांत धूर सोडत त्यांना मागे टाकून गेला, असे सांगतात. त्या दिवसापासून एका सायकलीला एकाहून अधिक गियर का असू नयेत, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

उत्तर शोधण्यात पुढची अनेक वर्षे गेली. सुरुवातीच्या रचनेत वेगवेगळ्या आकारांची दातेरी चक्रे असत. चढण आली की खाली उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. पुढे पेडल मारता मारताच साखळी सरकवणाऱ्या यंत्रणा आल्या. आज ज्याला डिरेलर म्हणतात, त्याच्या आद्य पुरस्कर्त्यांत वेलोसिओ यांचे नाव घेतले जाते. प्रत्येक नवी यंत्रणा ते स्वतः डोंगरात नेऊन पारखत आणि तिचे गुणदोष निर्भीडपणे छापत. मोठे कारखानदार मात्र या खटाटोपाकडे विक्षिप्तपणा म्हणून पाहत होते.

१९०२ मध्ये 'तूरिंग क्लब द फ्रान्स' या संस्थेने पिरेनीज पर्वतात, तूर्माले या अवघड घाटावर सायकलींची एक मोठी चाचणी घेतली. तीन गियरच्या गोलूआझ सायकलीवरून मार्त हेस या महिलेने हे चढ पार केले आणि संपूर्ण मार्गात तिचा पाय जमिनीला लागला नाही, अशी वर्तमानपत्रांनी नोंद केली. एवढे होऊनही मत बदलले नाही. क्रीडापत्रकार आंरी देग्रांज यांनी गियर बदलण्याची सोय म्हणजे वयाने पुढे गेलेल्यांचा टेकू आहे, अशी जाहीर संभावना केली. पुढल्याच वर्षी देग्रांज यांनी सुरू केलेली 'टूर डी फ्रान्स' शर्यत ग्रां-ब्वाच्या घाटातूनच गेली, तीही एकाच गियरच्या सायकलींवर. या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर वेलोसिओ हयात नव्हते.

या वादामागे दोन दृष्टी होत्या. देग्रांज यांना घाट हा वीरांची कसोटी वाटत होता. वेलोसिओ यांना तो साऱ्यांसाठी खुला हवा होता. कारकुनाला, शिक्षकाला, स्त्रियांना आणि साठी उलटलेल्यांनाही. ते स्वतः शाकाहारी होते, एस्परांतो भाषेचे समर्थक होते आणि रात्रंदिवस सायकल चालवून प्रोव्हान्सपर्यंत मजल मारत होते. प्रवाशांसाठी त्यांनी घालून दिलेले नियम आजही सायकलस्वारांना पाठ असतात. भूक-तहान लागण्याची वाट न पाहता खावे-प्यावे, शक्ती संपेपर्यंत स्वतःला ताणू नये आणि केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये, हे त्यांतले काही. १९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ दरवर्षी ग्रां-ब्वाच्या घाटात सायकलस्वारांचा मेळा भरू लागला.

वेलोसिओ यांनी चढण सोपी केली, पण रस्त्याची चिंता त्यांना सुरुवातीच्या काळात करावी लागली नाही. तेव्हाचे रस्ते खडीचे होते. त्यांवर बैलगाड्या, घोडागाड्या आणि पादचारी असत. धूळ आणि चिखल होता, पण वेगाचे भय नव्हते. मग मोटारी आल्या. त्यांच्या धुळीने लोक हैराण झाले आणि १९०२ मध्ये मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांच्या पुढाकाराने रस्त्यावर डांबर ओतण्याचा प्रयोग झाला. डांबर पसरत गेले तशी धूळ बसली, पण मोटारींचा वेग वाढला आणि रस्ता हळूहळू त्यांचाच झाला.

फेब्रुवारी १९३० च्या अखेरीस, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, वेलोसिओ सेंत-एतिएनच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर सायकल हातात धरून पायी चालले होते. डोंगरातल्या काळोख्या रात्रींनी आणि बर्फाळ उतारांनी ज्यांना कधी अडवले नाही, त्यांना शहरातल्या रहदारीत ट्रामची धडक बसली. त्यातून ते वाचले नाहीत. ग्रां-ब्वाच्या घाटात त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

त्यांच्या कार्याचा उरलेला अर्धा भाग पूर्ण झाला तो अनपेक्षित मार्गाने. घाटापलीकडच्या आर्देश जिल्ह्यात विवारेची मीटरगेज रेल्वे धावत असे. ऱ्होन नदीकाठच्या ला वूल्तपासून एरियू नदीच्या खोऱ्यातून ती ल शेलारला आणि तेथून एका बाजूला लामास्त्र, तर दुसऱ्या बाजूला सेंत-आग्रेवच्या पठारावर जाई. मोटारींपुढे ती टिकली नाही आणि १९६८ मध्ये बंद पडली. रूळ गेले, पण दगडी पूल, बोगदे आणि इंजिनाला झेपेल इतका सौम्य चढ मागे उरला. याच वाटेवर आता 'दोल्चे व्हिया' हा सुमारे ९० किलोमीटरचा मार्ग आहे. त्याचा बराचसा भाग दाबून बसवलेल्या बारीक खडीचा असून त्यावर मोटारींना बंदी आहे. मोटारविरहित अशा 'हरित वाटां'ना फ्रान्सच्या वाहतूक संहितेत २००४ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

नदीकाठावरून निघून हजार मीटर उंचीच्या पठारापर्यंत आज तेथे मुले आणि आजी-आजोबाही सायकलने जातात. त्यांच्या सायकलींना अनेक गियर असतात आणि गियर असण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. चाकांखाली वेलोसिओ यांच्या तरुणपणी होती तशीच खडी असते आणि मागून भोंगा वाजवत कोणी येत नाही. मोटारीने हरवलेल्या आगगाडीची वाट अशी सायकलस्वारांच्या वाट्याला आली.