जॉन मोनाश

सर जॉन मोनाश (२७ जून १८६५ – ८ ऑक्टोबर १९३१) हे ऑस्ट्रेलियातील स्थापत्य अभियंते आणि पहिल्या महायुद्धातील सेनानी होते. इ.स. १९१८ मध्ये पश्चिम आघाडीवर त्यांनी ऑस्ट्रेलियन कोअरचे नेतृत्व केले. मात्र ते पेशाने सैनिक नव्हते. महायुद्ध सुरू होईपर्यंतची तीस वर्षे त्यांनी आपला व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सैन्यात, म्हणजे मिलिशियात, सेवा केली होती.

बालपण आणि शिक्षण

मोनाश यांचा जन्म मेलबर्न येथे झाला. त्यांचे आईवडील प्रशियातून आलेले ज्यू होते. त्यांच्या बालपणीचा काही काळ न्यू साउथ वेल्समधील जेरिल्डेरी या लहान गावी गेला, कारण वडिलांचे तेथे दुकान होते. पुढे मेलबर्नच्या स्कॉच कॉलेजात आणि नंतर मेलबर्न विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. आईचे आजारपण, इ.स. १८८५ मध्ये झालेला तिचा मृत्यू आणि घरची ओढाताण यांमुळे शिक्षण मध्येच थांबले आणि प्रिन्सेस पुलाच्या बांधकामावर त्यांना नोकरी धरावी लागली. पदव्या त्यांनी नोकरी करतच मिळवल्या. स्थापत्यशास्त्राबरोबर कला आणि कायदा या शाखांचेही ते पदवीधर होते.

व्यवसाय आणि मिलिशिया

व्हिक्टोरिया वसाहतीत इ.स. १८८४ च्या सुमारास बिनपगारी स्वयंसेवक पथकांच्या जागी मिलिशिया उभारण्यात आली. तिची रचना आजच्या भारतीय प्रादेशिक सेनेशी बरीच मिळतीजुळती होती. सैनिक एरवी आपापल्या कामधंद्यात असत. संध्याकाळी वा सुट्टीच्या दिवशी कवायत करीत, वर्षातून एकदा शिबिरास जात आणि त्याबद्दल त्यांना अल्प मोबदला मिळे. मोनाश त्याच वर्षी विद्यापीठाच्या तुकडीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. ती तुकडी लवकरच बरखास्त झाली. इ.स. १८८७ मध्ये त्यांना नॉर्थ मेलबर्न बॅटरी या किनारी तोफखान्याच्या पथकात अधिकारपद मिळाले.

हे पद मिळाले तेव्हा ते तरुण अभियंता होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, मेलबर्नच्या आउटर सर्कल या लोहमार्गाच्या बांधकामाची जबाबदारी त्यांच्यावर आली. इ.स. १८९१ मध्ये व्हिक्टोरिया मॉस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या आर्थिक मंदीत, इ.स. १८९४ मध्ये, बंदर मंडळातील नोकरी गेली आणि त्यांनी अँडरसन या मित्राबरोबर भागीदारीत स्वतःचा व्यवसाय थाटला. कामे मिळत नव्हती तेव्हा कायद्याची पदवी उपयोगी पडली. बांधकामविषयक लवादांत तज्ज्ञ म्हणून ते अन्य वसाहतींत महिनोन्‌महिने राहत. तरीही इ.स. १८९७ मध्ये ते मेजर होऊन बॅटरीचे प्रमुख झाले. पुढची अकरा वर्षे बढती मिळाली नाही; पण ते पद त्यांनी सोडले नाही.

या अकरा वर्षांतच त्यांच्यावर सर्वांत कठीण प्रसंग आला. लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटचे, म्हणजे मोनिए पद्धतीचे, पूल बांधण्यात त्यांची संस्था अग्रेसर होती. इ.स. १९०१ मध्ये बेंडिगो येथील किंग्ज पूल चाचणीच्या वेळी कोसळून एक मनुष्य ठार झाला. पूल स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावा लागला. दुसऱ्या एका पुलाच्या देयकावरून न्यायालयात गेलेला वादही अखेर अंगाशी आला. भागीदार न्यूझीलंडला निघून गेला आणि कर्जाचा भार मोनाश यांच्यावर राहिला. अशा स्थितीत जवळजवळ फुकटच्या लष्करी कामाला वेळ देणे व्यवहारी माणसाला परवडणारे नव्हते. परंतु ज्यू कुटुंबातील, वशिला नसलेल्या या अभियंत्याला समाजात प्रतिष्ठेचे स्थान मिळण्याचा तो एक मार्ग होता, हेही खरे. इ.स. १९०५ नंतर काँक्रीटच्या नव्या कंपनीमुळे कर्ज फिटले आणि ते श्रीमंत झाले.

इ.स. १९०८ मध्ये लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावर व्हिक्टोरियातील गुप्तवार्ता विभाग त्यांच्याकडे आला. नकाशे तयार करणे हे या विभागाचे मोठे काम होते आणि अभियंत्याला ते परके नव्हते. इ.स. १९१३ मध्ये ते कर्नल आणि एका पायदळ ब्रिगेडचे प्रमुख झाले. पुढील वर्षी झालेल्या त्यांच्या युद्धसरावाने पाहणीस आलेले ब्रिटिश सेनानी इयान हॅमिल्टन प्रभावित झाले होते.

महायुद्ध

कायद्याने मिलिशियाला परदेशी धाडता येत नसल्याने ऑस्ट्रेलियाने स्वेच्छासैनिकांची वेगळी फौज उभारली. मोनाश तिच्या चौथ्या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून गॅलिपोलीला गेले. ऑगस्ट १९१५ मधील रात्रीच्या चढाईत त्यांची ब्रिगेड वाट चुकली व अपयशी ठरली. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. इ.स. १९१६ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचे आणि इ.स. १९१८ मध्ये संपूर्ण कोअरचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. या शेवटच्या नेमणुकीविरुद्ध चार्ल्स बीन आणि कीथ मर्डॉक या पत्रकारांनी खटपट केली. मोनाश यांच्या ज्यू असण्याविषयीचा आकसही त्यामागे होता. ती खटपट फळाला आली नाही.

४ जुलै १९१८ रोजी हामेलचे ठाणे जिंकण्यासाठी त्यांनी ९० मिनिटांचा हिशेब केला होता. प्रत्यक्षात ९३ मिनिटे लागली. पायदळ, तोफा, रणगाडे आणि विमाने यांच्या कामाची वेळ त्यांनी आधीच बांधून दिली होती. ८ ऑगस्टच्या आमिएँच्या लढाईनंतर चारच दिवसांनी राजे पंचम जॉर्ज यांनी त्यांना रणभूमीवरच सर ही पदवी दिली. नागरी माणसाने व्यावसायिक सेनानींना मागे टाकले, असे त्यांच्याविषयी अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण मिलिशियातील तीस वर्षे त्यात मोजली जात नाहीत.

उत्तरायुष्य

युद्ध संपल्यावर सैनिकांना मायदेशी परत धाडण्याचे काम त्यांनी पाहिले. इ.स. १९२० मध्ये पत्नीचे निधन झाले. त्यानंतर मृत्यूपर्यंत ते व्हिक्टोरियाच्या राज्य विद्युत आयोगाच्या सेवेत होते. यालोर्न येथील तपकिरी कोळशात अपेक्षेपेक्षा अधिक ओल निघाली, तरी त्यावर वीज निर्माण करून ती मेलबर्नला पुरवण्यात आली. फेब्रुवारी १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटन समारंभास ते ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेलबर्न येथे त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेस सुमारे अडीच लाख लोक जमले होते. थडग्यावर पदव्या वा हुद्दा न लिहिता केवळ जॉन मोनाश हे नाव कोरावे, अशी त्यांची सूचना होती. इ.स. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मेलबर्नमधील विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.