मोलोकाईचे संत डेमियन



संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. संत डेमियन यांचा सण मात्र १० मे रोजी असतो. १८७३ साली याच दिवशी ते हवाईतील मोलोकाई बेटावर, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उतरले.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो या गावी झाला. मूळ नाव जोसेफ. थोरल्या भावापाठोपाठ तेही संन्यासी संघात दाखल झाले. हवाईला जायचे ठरले होते ते थोरल्या भावाचे, पण तो तापाने आजारी पडला आणि त्याच्या जागी डेमियन स्वखुशीने निघाले. चार महिन्यांहून अधिक काळ समुद्रप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफ यांच्या सणादिवशी, ते होनोलुलूला पोहोचले. दोन महिन्यांनी तिथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मायभूमी त्यांना पुन्हा दिसली नाही.

पहिली नऊ वर्षे हवाईच्या मोठ्या बेटावर गेली. ते नवी भाषा शिकले. घोड्यावरून डोंगरदऱ्या पार करून दूरदूरच्या वाड्यांवर मिस्सा अर्पण करीत. त्यांनी स्वतःच्या हातांनी चॅपेले बांधली. उत्साह होता, तसा एकटेपणाही होता. बोलायला, पापनिवेदन करायला दुसरा धर्मगुरू अनेक आठवडे भेटत नसे.

मोलोकाईसाठी चार धर्मगुरूंनी स्वतःहून नावे दिली. त्यांनी पाळीपाळीने जावे, असे बिशपांच्या मनात होते. पहिली पाळी डेमियनची होती. पुढे त्यांनी तिथेच राहण्याची परवानगी मागितली. एका बाजूला उंच कडे आणि उरलेल्या बाजूंना समुद्र, अशी ती जागा होती. राहायला घर नव्हते, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या झाडाखाली काढल्या. जखमांची दुर्गंधी असह्य होई. ती सोसवावी म्हणून ते पाइप ओढू लागले. हळूहळू ते रोग्यांबरोबर बसून एकाच भांड्यातले पोई, म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा, खाऊ लागले. त्यांनी घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, शवपेट्या तयार केल्या, कबरी खणल्या. स्वतः निरोगी असतानाच प्रवचनात ते कुष्ठरोग्यांना ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणत.

पण माणूस एकदा रुळला की त्याचे दुःख संपते, असे नाही. आरोग्य मंडळाने त्यांना वसाहतीबाहेर जाण्यास बंदी केली. एकदा त्यांच्या संघाचे वरिष्ठ जहाजातून आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही. तेव्हा डेमियन होडीतून जहाजाजवळ गेले आणि खालून मोठ्या आवाजात, फ्रेंच भाषेत, त्यांनी आपले पापनिवेदन केले. सहकारी धर्मगुरूंशी त्यांचे खटके उडाले. ते प्रसिद्धीच्या मागे आहेत, असा संशय खुद्द वरिष्ठांनीही घेतला. त्यांचा स्वभाव तापट होता, आणि उदासी त्यांना अधूनमधून गाठत असे. पवित्र साक्रामेंतासमोर बसून ते पुन्हा बळ घेत.

१८८४ च्या अखेरीस पाय गरम पाण्यात पोळला, तरी त्यांना वेदना जाणवली नाही. रोग झाल्याचे त्यांना कळून चुकले. शेवटच्या वर्षांत ब्रदर जोसेफ डटन आणि मदर मारियान कोप यांच्यासारखे सोबती मिळाले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले.

बंधुभगिनींनो, घरापासून दूर सेवेला गेलेल्याला घराची आठवण येते, राग येतो, रडू येते. त्यावरून त्याचे पाचारण खोटे ठरत नाही. डेमियन यांनाही हे सारे चुकले नाही. रोज सकाळी उठून ते कामाला लागले, एवढेच. आपल्या घरातले, शेजारचे कोणी मिशनवर दूर असेल, तर त्यांच्यासाठी आज प्रार्थना करा आणि त्यांना चार ओळींचे पत्रही लिहा. मोलोकाईवर डेमियन घरच्या पत्रांची वाट पाहत असत.

संत डेमियन, आमच्यासाठी विनंती करा.