पंडिता रमाबाई

आमच्या नंदुरबारात मुली संस्कृत श्लोक म्हणतात, याचे आज कोणास नवल नाही. परंतु अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस ती देवभाषा शिकविली, तेव्हा तो अधर्म ठरून त्यांस जनापवाद सोसावा लागला. त्यांच्या कन्या रमाबाई (जन्म १८५८) यांस त्याच विद्येसाठी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविले! वैधव्यानंतर १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व तेथे ख्रिस्ती झाल्या. तेथे त्यांनी पुरुषांस शिकविण्याचा प्रश्न निघताच बिशपांनी हरकत घेतली. बाईंस आश्चर्य वाटले. पित्याने वा पतीने अशी आडकाठी कधी केली नव्हती. सोवळे केवळ आपल्याकडेच असते, हा समज आम्हांस तरी खरा वाटत नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले. १९२२ साली केडगावी त्यांचे देहावसान झाले. बायबल मराठीत उतरविण्याचे काम त्या अखेरपर्यंत करीत होत्या.