दर्याचा राजा : कान्होजी आंग्रे

मी परभणीजवळच्या पिंगळीचा. समुद्र आमच्यापासून कोसो दूर. तरी कान्होजी मला आपले वाटतात. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. मराठी आरमाराच्या या सरखेलाकडे होत्या गुराबा आणि हलकी गलबतं. वारा पडला की गलबतावरचे चाळीस-पन्नास वल्हेकरी गुराब ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिकडे तोफा कमी. हुकूम तांडेलाचा, तोफ गोलंदाजाची. ज्यानं त्यानं आपलं काम सांभाळायचं. १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले नि हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मुंबईतला नौदलाचा तळ ‘आयएनएस आंग्रे’ त्यांच्याच नावाचा. मित्रांनो, साधनं कमी म्हणून रडत बसू नका. वारा पडला तर वल्ही मारा!