विश्लेषण : दहाव्या वर्षी विकला गेलेला मुलगा पाचशे गुलामांचा वकील कसा झाला? कोण होते लुईझ गामा?

ब्राझीलने १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द केली. अमेरिका खंडात हा निर्णय घेणारा तो शेवटचा देश. मात्र त्याच्या कितीतरी आधी साओ पाउलोच्या न्यायालयांत कायद्याची पदवी नसलेला एक कृष्णवर्णीय माणूस एकेक गुलाम सोडवून आणत होता. त्यासाठी त्याला नवा कायदा लागला नाही. जुना, सगळ्यांनी विसरायचे ठरवलेला कायदा पुरला.

वडिलांनीच केला सौदा

लुईझ गामा यांचा जन्म २१ जून १८३० रोजी बाहिया प्रांतातील साल्व्हादोर येथे झाला. आई लुईझा माहिन ही स्वतंत्र आफ्रिकी स्त्री होती. आई स्वतंत्र, म्हणजे मूलही स्वतंत्र, हा तेव्हाचा नियम. आई रिओ द जानेरोला निघून गेली आणि मूल वडिलांकडे राहिले. वडील पोर्तुगीज वंशाच्या सधन घराण्यातले, पण जुगारात बुडालेले. १० नोव्हेंबर १८४० रोजी त्यांनी दहा वर्षांच्या पोराला जहाजावर नेऊन विकले. आजच्या भाषेत ही सरळसरळ मानवी तस्करी होती. आश्चर्य म्हणजे गामा यांनी वडिलांचे नाव आयुष्यभर उघड केले नाही.

रिओतून सांतोस बंदर आणि तिथून डोंगर चढून पायी कांपिनासपर्यंत त्यांना नेण्यात आले. ग्राहक मिळेना, कारण बाहियाचे गुलाम बंडखोर अशी ख्याती होती. अखेर व्यापाऱ्याने त्यांना साओ पाउलोतील आपल्याच घरी ठेवून घेतले. कपडे धुणे, शिवणकाम, चपला-बूट तयार करणे ही कामे ते तिथे शिकले. १८४७ मध्ये त्या घरी राहायला आलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना लिहाय-वाचायला शिकवले. तेव्हा ते १७ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी आपण स्वतंत्र असल्याचे पुरावे त्यांनी गुपचूप मिळवले आणि ते घर सोडले. पुढे सैन्यात सहा वर्षे, मग पोलीस खात्यात कारकुनी. १८५९ मध्ये त्यांचा उपरोधिक कवितांचा संग्रहही आला.

कोणता होता तो कायदा?

ब्रिटनच्या दबावाखाली ब्राझीलने ७ नोव्हेंबर १८३१ रोजी कायदा केला : यापुढे परदेशातून देशात आणलेला गुलाम स्वतंत्र मानला जाईल. अंमलबजावणी मात्र जवळपास शून्य. हा कायदा फक्त इंग्रजांना दाखवायला आहे, असे लोक म्हणत. त्यानंतरही इतिहासकारांच्या अंदाजानुसार सात लाखांहून अधिक आफ्रिकींना चोरट्या मार्गाने आणून मळ्यांवर विकले गेले. म्हणजे लाखो गुलाम कायद्याच्या नजरेत गुलाम नव्हतेच!

गामा यांनी नेमके यावर बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद साध्या वजाबाकीचा होता. समजा, १८७२ मध्ये एखाद्या आफ्रिकीचे वय ३५ आहे. मग त्याचा जन्म १८३७ चा, अर्थात तो १८३१ नंतरच देशात आला असणार. त्याला ताब्यात ठेवणारा मालक नव्हे, तर गुन्हेगार ठरतो. १८७१ च्या कायद्याने गुलामांची नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा मालकांनी हे ओळखले. कागदावर गुलामांची वये वाढू लागली, तर जन्मस्थान अस्पष्ट होऊ लागले.

नोकरी गेली, पण सनद मिळाली

१८६९ मध्ये एका आफ्रिकी माणसाच्या सुटकेचा अर्ज न्यायाधीशाने रखडवला. गामा यांनी वृत्तपत्रातून त्यावर टीका केली आणि कारकुनी गमावली. कायद्याच्या महाविद्यालयाची दारे त्यांच्यासाठी कधी नीट उघडली नव्हतीच. मात्र पदवीशिवाय खटले चालवण्याचा परवाना त्यांना त्याच वर्षी मिळाला. स्वातंत्र्याचे खटले फुकट चालवू, अशी जाहिरात त्यांनी वृत्तपत्रात दिली.

सर्वात मोठा खटला सांतोसचा. एका श्रीमंत व्यापाऱ्याने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त करण्याचे लिहून ठेवले होते, पण तो गेल्यावरही ते राबतच राहिले. गामा यांनी २१७ जणांच्या वतीने दावा लढवला. अमेरिका खंडातील हा सर्वात मोठा ज्ञात सामूहिक मुक्ती-दावा मानला जातो. असे खटले सोपे नसत. निकाल लागेपर्यंत गुलामाला तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवावे लागे, नाहीतर मालक त्याला रातोरात दूर विकून टाकण्याची भीती असे. स्वतः विकल्या गेलेल्या माणसाला हे कुणी समजावण्याची गरज नव्हती.

त्यांनी ५०० हून अधिक लोकांना मुक्त केले, असे मानले जाते. आईचा शोध मात्र अपुराच राहिला. १८४७, १८५६ आणि १८६१ असे तीनदा त्यांनी रिओत तिला शोधले. ती सापडली नाही.

पदवी मिळाली, पण कधी?

मधुमेहाने २४ ऑगस्ट १८८२ रोजी गामा यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला साओ पाउलोत हजारो लोक जमले. गुलामगिरी संपायला अजून सहा वर्षे होती. ब्राझीलच्या वकील संघटनेने त्यांना अधिकृतपणे वकील म्हणून मान्यता दिली ती २०१५ मध्ये, मृत्यूनंतर १३३ वर्षांनी. साओ पाउलो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट त्यानंतर २०२१ मध्ये आली.